घर दिसत नाही

जाग आली तरी ती लगेच उठत नसे. डोळे मिटून भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा नळ ऐकत ती काही वेळ पडून राही. नळ थांबला, की पायांनीच चाचपून चपला शोधी, कारण सकाळी सकाळी वाकायचे म्हटले की कंबर कुरकुर करी. स्वयंपाकघरातला दिवा ती लावत नसे. खिडकीतून येणारा राखाडी उजेड चहापुरता पुष्कळ झाला, असे तिचे म्हणणे होते. ते ऐकून घेणारे घरात कोणी उरले नसले, तरी म्हणणे तिने सोडलेले नव्हते. विजेच्या किटलीत एका माणसाचे पाणी घालायचे म्हणजे तळ जेमतेम झाकला जाई. ती नेहमी थोडे जास्त घाले आणि उरलेले कोमट पाणी कुंडीत ओती. किटलीचे बटण दाबले की टक असा बारीक आवाज होई. हल्ली त्या आवाजासरशी तिच्या मनात रोज एकच गोष्ट येई: आता त्याला कळले.

तो म्हणजे तिचा मुलगा. तो इतका दूर राहत होता, की इथे उजाडले म्हणजे तिथे दिवे मालवण्याची वेळ झालेली असे. वडील गेले त्यानंतरच्या सुट्टीत तो आला होता. दोन दिवस घरात अस्वस्थपणे फिरला, कपाटे उघडून बंद केली आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन उभा राहिला. खाली आला तो ठरवूनच. छपरावर सौर पॅनेल बसवायची. त्याचे सगळे काम रीतसर असे. वीज कार्यालयाची परवानगी, तपासनिसाची भेट, दोन्ही दिशांनी मोजणारे नवे मीटर, आणि गेटच्या खांबावर लाल दांड्याची एक लोखंडी पेटी. त्या पेटीतला खटका खाली पाडला, की सारे घर छपरासकट रस्त्यावरच्या तारेपासून सुटे होई. जिन्याखालच्या कोनाड्यात इन्व्हर्टर बसला. तो उन्हातली वीज घराच्या कामाची करून देई, आणि उरलेली रस्त्याच्या तारेत सोडून देई. इन्व्हर्टरच्या बुडाशी बोटाएवढा एक तुकडा खोचलेला होता. तो छपराने किती वीज केली आणि घराने किती खाल्ली, हे मुलाच्या फोनवर पाठवत असे. फोनवर छपराच्या विजेची पिवळी टेकडी दिसे आणि तिच्या पायथ्याशी घराच्या खर्चाचे निळे दात. मुलाने तिला ते कौतुकाने दाखवले होते. "हा बघ, हा तुझा चहा. आणि हे कपडे धुवायचं यंत्र." तिने चष्मा वर सरकवून आपला चहा पाहिला होता.

पहिल्या दिवसांत त्याचा रोज फोन येई. नंतर एक दिवस आड. मग तो म्हणायला लागला, "अगं, मला दिसतं ना, उठलीस, चहा झाला, आंघोळीचं पाणी तापलं. काळजीच नाही बघ." त्याचा आवाज खरोखरच निश्चिंत झालेला होता, आणि त्या निश्चिंतपणावर आईने रागवायचे तरी कोणत्या तोंडाने? त्याने तिला टाकले नव्हते. रात्री निजण्यापूर्वी तो तिला पाहत होता. फक्त तिच्याशी बोलत नव्हता. आपण सकाळभर कोणाच्या तरी नजरेखाली वावरतो आहोत आणि तरी दिवसभरात आपल्याच घशातून शब्द फुटलेला नाही, हे तिच्या ध्यानात आले ते दुपारी भाजीवाल्याशी बोलताना. पहिले दोन शब्द खरखरत बाहेर पडले होते.

एके सकाळी गेटवरून हाक आली तेव्हा ती कुंडीतच पाणी ओतत होती. "मावशी, आहात का? तुमचा सूर्य जरा झोपवायचा होता!"

लाइनमन होता. या रस्त्यावरचे खांब त्याच्याकडे होते. पोटावर जाड पट्टा, खांद्यावर दोराचे वेटोळे, आणि बोलणे असे, की जणू खांबावर चढणे ही त्याने मौजेखातर लावून घेतलेली सवय असावी.

"झोपवा बाबा. माझं तर तो कधी ऐकत नाही."

"माझ्याकडे कुलूप आहे ना. कुलपापुढे भलेभले गप्प." त्याने पेटीचा लाल दांडा खाली ओढला, दांड्याच्या भोकातून स्वतःचे कुलूप घातले आणि किल्ली छातीच्या खिशात टाकून वर दोनदा थापटले. "आता तुमचा सूर्य माझ्या खिशात. चहा घ्यायचा असेल तर आधी सांगायला हवं होतंत."

"झालाय माझा."

"मग माझा राहिला म्हणायचा!" असे म्हणत तो पुढच्या घराकडे गेला. ज्या ज्या छपरावर पॅनेल होती, त्या प्रत्येक गेटवर त्याने हाक मारली, खटका पाडला, कुलूप लावले. सगळ्या किल्ल्या खिशात जमल्यावरच त्याने खांबाला पट्टा टाकला. वर पोचल्यावरही तारेला हात लावण्याआधी तारेत वीज उरली नाही ना, हे त्याने चाचणीची काठी लावून पाहिले. ती खालून बघत होती. ते बघणे तिला का आवडले, हे तिला लगेच कळले नाही.

घरात आली तर घर बदललेले होते. फ्रीजची घरघर नव्हती. पंखा आपल्याच ओझ्याने दोन फेरे फिरून थांबला होता. जिन्याखाली इन्व्हर्टरवर तांबडा ठिपका होता, तोही गेला. बाहेर भांडे तापेल असे ऊन पडलेले आणि आत वीज नाही. मुलगा इथे असताना पहिल्यांदा असे झाले, तेव्हा तिने त्याला विचारले होते, ऊन आहे तर आपले घर तरी का चालू नाही? तो म्हणाला होता, "रस्त्यावरची लाइन गेली की आपलंही बंद झालंच पाहिजे. नाहीतर आपली वीज बाहेर जाईल, आणि खांबावरचा माणूस मेलेली तार म्हणून हात घालेल." तेव्हा तिला मुलाचा अभिमान वाटला होता.

आणि मग फोन वाजला.

"आई! कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? घरात."

"अगं, घर दिसत नाहीये!"

"काय दिसत नाहीये?"

"इथे लाल अक्षरं आलीत. घर दिसत नाही म्हणून. तू बरी आहेस ना? पडलीबिडली नाहीस ना कुठे?"

"लाइन गेलीये. खांबावर काम चाललंय. आणि मी पडले तर ते विजेला कसं रे कळेल?"

तो हसला. जिवात जीव आल्यावर माणूस हसतो तसे, जरा जास्तच. मग त्याने फोन ठेवला नाही. बायकोची झोपमोड होऊ नये म्हणून तो त्याच्या स्वयंपाकघरात अंधारात बसून कुजबुजत होता, आणि कुजबुजणाऱ्या माणसाला खोटे खोटे बोलता येत नाही. दाढ दुखते आहे, म्हणाला. दाताच्या डॉक्टरकडे जायला भीती वाटते, हे या वयात कोणाला सांगणार, म्हणाला. लहानपणी तो दात पडला की घरभर शोधत फिरायचा, ते तिने सांगितले. "मी? छे!" "छे काय, कोचाच्या गाद्या काढायला लावल्या होत्यास." मागे कोणता पक्षी ओरडतो आहे, असे त्याने विचारले, आणि दोघेही काही क्षण पक्षी ऐकत गप्प बसले. तेवढ्यात गेटवरचे कुलूप निघाले असावे, फ्रीज पुन्हा घरघरला. इन्व्हर्टर मात्र लगेच सुरू होत नाही. तारेत वीज खरोखरच आली आहे ना, नीट टिकून आहे ना, हे तो काही वेळ नुसते बघत राहतो आणि खात्री पटली की मगच जोडून घेतो. तो बघत होता तेवढा वेळ ती दोघे बोलत राहिली. मग हिरवा ठिपका लागला. "दिसलं! आई, घर दिसलं गं," मुलगा म्हणाला, आणि लगेच, "चल, झोपतो आता." घर दिसले आणि आवाज गेला.

फोन मांडीवर ठेवून ती बराच वेळ बसून होती. नोकरीत असताना तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. इस्पितळाच्या तळघरात, क्ष-किरणांच्या खोलीत तिची हयात गेली. माणसे यायची, शर्ट काढायची, थंडगार पत्र्याला छाती लावून उभी राहायची. ती भिंतीआडच्या काचेतून म्हणायची, "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." नंतर ओल्या फिल्मवर त्यांच्या फासळ्या उजेडाला धरायची. सोडा म्हटल्यावरच श्वास सोडणारी हजारो माणसे तिने पाहिली होती, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा तिला आठवत नव्हता. छाया मात्र काही आठवत. "घरी आलीस की तरी मला कातडीसकट बघत जा," असे नवरा म्हणायचा. मग एके वर्षी त्याचाही खोकला थांबेना आणि तो तिच्याच खोलीत, त्याच पत्र्याला छाती लावून उभा राहिला. श्वास घे, रोखून धर, सोड. डॉक्टरांनी बघण्याआधी ती सावली तिनेच पाहिली. भिंतीआडून बाहेर येऊन ती फक्त एवढेच म्हणाली, "घाल शर्ट." त्याने फिल्म मागितलीच नाही. गुंड्या लावता लावता तिच्या तोंडाकडे बघितले, आणि शेवटची गुंडी लावायची राहिली. फिल्मवर जे दिसत होते ते तिच्या तोंडावरही लिहिलेले होते, पण तोंडावर आणखीही काही होते आणि त्याला ते वाचता आले. मुलाच्या फोनवरल्या त्या पिवळ्या टेकडीत आणि निळ्या दातांत तसे कोणते तोंड होते?

काही दिवस तिने त्या एका फोनच्या आठवणीवर काढले. मग एका लखलखीत सकाळी, खांबावर कोणी नसताना, ती झारी घेऊन गेटपर्यंत गेली. झारी कशाला, तर कोणी बघितले तर म्हणून. बघणारे कोणी नव्हते. लाल दांडा तिला वाटला त्यापेक्षा हलका निघाला. खाली ओढला, तेव्हा तिला लहान मुलीसारखे हसू आले. ती पायरीवर येऊन बसली. आपण काय केले याचा नीट विचार करायला तिला सवड मिळाली नाही, कारण फोन वाजलाच.

"आई? पुन्हा लाइन गेली का?"

"गेली रे."

खोटे असे बिनआवाजी निसटले, की तिला स्वतःलाच नवल वाटले. दाढेचे काय झाले, तिने विचारले. काढली, तो म्हणाला. "कळवलं नाहीस?" "अगं, त्यात काय कळवायचं!" आणि मग दाढ काढल्याची सबंध हकिगत, डॉक्टरच्या गार बोटांसकट. ती ऐकत होती. तिचे ऊन फुकट चालले होते, फ्रीजमधले दूध तापत होते, आणि तिला इतके बरे वाटत होते, की त्या बरे वाटण्याचीच तिला लाज वाटली. यापुढे असे करायचे नाही म्हणून तिने कानाला खडा लावला. तो खडा पुढच्या आठवड्यापर्यंत टिकला.

मग ते अंगवळणी पडले. त्याच्याकडे निजानीज व्हायच्या आत फोन यावा अशा बेताने ती दांडा ओढी, बोलणे संपत आले असे वाटले की उठून वर करी. पण ते पहिल्यासारखे गोड राहिले नाही. घाबरलेला आवाज पहिल्या दोन-तीन वेळांपुरताच होता. मग त्या आवाजात कंटाळा आला, आणि कंटाळ्यानंतर चौकशी. किती वेळ झाला? दिवे मिणमिणले होते का आधी? एकदा मागून सुनेचा झोपाळू आवाज आला, "पुन्हा का?" त्यात राग नव्हता. उजाडल्यावर कामाला जायचे असलेल्या माणसाचा तो आवाज होता. आणि एकदा मुलाने विचारले, "शेजारी आहे का वीज?"

"नाही, त्यांच्याकडेही नाहीये."

"बघतो मी," म्हणून त्याने फोन ठेवला. दोन दिवसांनी आपण होऊन, घर दिसत असताना, त्याचा फोन आला. ती इतकी हरखली, की तो काय सांगतो आहे ते तिच्या डोक्यात उशिरा शिरले.

"आई, शोध लागला. शेजाऱ्यांची पॅनेलही आपल्याच दुकानदारानं बसवलीत. त्याच्या फोनवर त्यांचंही घर दिसतं, मी विचारलं. खांबावर काम होतं तो दिवस सोडला, तर त्यांचं घर एकदाही गेलेलं नाही. तुला वाटतं सगळ्यांची लाइन गेली, पण जातं ते फक्त आपलंच. गेटवरची ती पेटी आहे ना, तिच्यातच दोष आहे. आतलं पितळ सैल झालं असणार."

आई खोटे बोलेल यापेक्षा पितळ झिजेल, हे त्याला अधिक शक्य वाटले होते. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"मी एक माणूस पाठवतोय," मुलगा म्हणाला. "हुशार आहे म्हणतात. तो ती भानगडच काढून टाकेल. तू अंधारात बसतेस आणि मी इथे काही करू शकत नाही, हे मला नाही सहन होत गं."

आलेला माणूस कानामागे पेन्सिलीसारखा पेचकस खोचून आला. दर वाक्यात "हातोहात करून देतो" म्हणे, म्हणून मनातल्या मनात तिने त्याचे नाव हातोहात ठेवले. वाईट माणूस नव्हता. आल्या आल्या त्याने तिचे करकरणारे गेट तेल घालून गप्प केले, न सांगता. मग पेटीचे झाकण उघडून आत डोकावला.

"चांगली दिसतेय तशी. पण नसता व्याप कशाला ठेवायचा, काकू? पेटीच काढू. सरळ जोडतो. आणि कोनाड्यात एक बॅटरीचं यंत्र बसवतो. मग रस्त्यावरची लाइन गेली, तरी तुमच्या इन्व्हर्टरला वाटणार लाइन आहेच. ते बिचारं चालूच राहतं. सगळी गल्ली घामाघूम, आणि तुमच्याकडे पंखा!"

"आणि ती वीज बाहेर नाही जाणार? रस्त्यावरच्या तारेत?"

"लाइन गेली की घरातला मेन स्विच पाडायचा तुम्ही. झालं."

"मी विसरले तर?"

"विसरताय कशाला?"

"मी घरात नसले तर?"

तो मनापासून हसला. "तुम्ही कुठे जाताय, काकू!"

ते तिला तोंडात मारल्यासारखे लागले. मग म्हणाली, "वीज कार्यालयाला कळवायला हवं ना?"

"कळवा की. मग पुढच्या जन्मी फिरेल पंखा." त्याने झाकण लावले. "उद्या सकाळी सामान घेऊन येतो. हातोहात."

तो गेल्यावर ती खिडकीशी बसून राहिली. ऊन भिंतीवरून उतरत होते. समोर खांब होता, त्याच्यावर चढायच्या लोखंडी पायऱ्या. त्या वर्षानुवर्षे समोर असून तिने कधी नीट पाहिलेल्या नव्हत्या. पेटी नसलेल्या गेटशी उभा राहून लाइनमन "मावशी" म्हणून हाक मारील. आपण न्हाणीघरात असू, नाहीतर औषधांच्या दुकानात, नाहीतर झोपलेल्या, नाहीतर पडलेल्या. घर मात्र आपल्यावाचून चालू असेल, छपरावरचे ऊन तारेत ढकलत. चाचणीची काठी तो लावतो, दर वेळी लावतो. पण त्याची काठी लावून झाल्यावर आपले यंत्र जागे झाले तर? तो वर गेल्यावर आपल्याच हाताने स्विच चढला तर? इस्पितळात बटण दाबण्याआधी ती काचेतून बघे, दाराकडे बघे, दारावरचा तांबडा दिवा लागला की नाही ते बघे आणि एवढ्यावर न थांबता मोठ्याने विचारी, "आत कोणी नाही ना?" नव्या मुली हसायच्या. दिसतेय की खोली रिकामी, म्हणायच्या. ती म्हणे, जो दिसतो त्याच्यासाठी नाही विचारत मी. त्या दिवशी किल्ली खिशात टाकून लाइनमनने वर थापटले, ते का आवडले, हे तिला आता कळले. ती दोघे एकाच कामातली माणसे होती. आणि तिने त्याची पेटी खेळणे करून टाकली होती. इतकी, की उद्या ती नादुरुस्त ठरून भंगारात जाणार होती. पेटीतले पितळ सैल नव्हते. तिच्या मुलाने तिला दिलेली, रस्त्याला जोडलेली असूनही कोणाला इजा होऊ न देणारी ती एकच गोष्ट अजून धड होती.

मनात एक दुसरा आवाजही होता, आणि तो ऐकायला ती भ्यायली नाही. काढू दे पेटी, तो म्हणत होता. काय बोलायचे आहे तुला मुलाला? लाइन जातच नव्हती म्हणून? मग तो पुढे कधी घाबरेल का तुझ्यासाठी? खरेच काही झाले, घर खरेच दिसेनासे झाले, तर म्हणेल, आई दांडा ओढते आहे. आणि कूस बदलून झोपेल. हे सगळे खरे होते. ती ते उलटसुलट करून बघत राहिली, फिल्म उजेडाला धरावी तसे, आणि कोठूनही पाहिले तरी सावली होती तेथेच होती.

दिवेलागणीला, तो उठला असेल असा अंदाज घेऊन तिने स्वतःच फोन लावला. किती महिन्यांनी आपण त्याचा नंबर दाबतो आहोत, असे मनात आले. दर वेळी तो कामात असेल म्हणून ती मागे राहत आली होती.

"आई? काय झालं? घर तर दिसतंय मला."

"दिसू दे. मीच केलाय फोन. त्या माणसाला सांग, उद्या येऊ नको म्हणून. नाहीतर मी सांगते."

"का? काही बोलला का तो?"

"काही नाही. चांगला आहे. पण पेटी काढायची नाही. खांबावर माणूस चढतो."

"अगं, मला कळत नाही का ते? पण बिघडलेली पेटी ठेवून काय उपयोग? तूच सांग, किती वेळा जातं घर!"

"जातं. पण पेटीत दोष नाही."

"मग कशात आहे?"

फोनमधून त्याच्या कपात चमचा फिरत असल्याचा किणकिणाट येत होता. तो फिरता फिरता थांबला.

"आई," तो हळू म्हणाला, "शेजाऱ्यांकडे वीज असायची. हो ना?"

"असायची."

तो "मी झोपेतून उठून..." एवढे बोलला आणि थांबला. ती म्हणाली, "हो." तो रागावला असता तर बरे झाले असते. रागाला उत्तर तरी देता येते.

"आणखी एक," ती म्हणाली. आवाज खरखरला, तिने घसा साफ केला. "घर दाखवणारा तो जो तुकडा आहे ना इन्व्हर्टरला, तो उद्या काढतेय मी."

"अगं, तो कशाला? मग तू बरी आहेस की नाही, हे मला कळणार कसं?"

"विचारायचं."

चमचा पुन्हा फिरला नाही. "बरं," तो म्हणाला. आणि परक्या माणसाशी बोलावे तशा जपलेल्या आवाजात, "ठेवतो मग. कामावर निघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघराचा दिवा लावला. हातोहात सामानाची पिशवी घेऊन आला, तेव्हा ती गेटशीच उभी होती.

"नकोय मला ते. तुम्हाला हेलपाटा पडला."

"अहो काकू, मुलगा म्हणाला..."

"मुलाशी बोलले मी. बॅटरी हवीशी वाटली, तर कार्यालयात अर्ज करीन, त्यांचा तपासनीस येऊन बघेल, मग लावू. पुढच्या जन्मी तर पुढच्या जन्मी."

तो डोके खाजवत पेटीकडे बघत राहिला. "एवढ्यासाठी? त्या लाइनमनसाठी? ओळखीचा आहे का?"

"नाव माहीत नाही मला त्याचं," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती जिन्याखाली गेली. वाकता येईना, म्हणून सरळ फरशीवर बसली. इन्व्हर्टरला अंगची ऊब होती आणि आतून मंद गुणगुण येत होती. उन्हाला जोर येत होता. बुडाशी खोचलेला तुकडा तिने दोन बोटांत धरला, जरा हलवला, आणि ओढला. तो सहज आला. त्याच्यावरचा निळा ठिपका विझला. गुणगुण बदलली नाही. हिरवा ठिपका होता तसाच राहिला. यंत्राला आपल्याकडे कोणी बघत होते याचा पत्ताच नव्हता आणि आता कोणी बघत नाही याचेही काही नव्हते. तुकडा हातात घेऊन ती बसून राहिली. फोन वरच्या खोलीत होता. तो वाजला असता तर इथे ऐकू आला असता.

ऊन चढले. दारावरच्या मीटरमधला बारीक बाण बाहेरच्या बाजूला वळला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांकडे, कपडे धुण्याचे यंत्र सुरू झाले. पाणी भरल्याचा आवाज, मग ते जड, सावकाश फिरणे. तिने पाठ भिंतीला टेकली आणि ते फिरणे संपेपर्यंत ऐकत राहिली.